पत्रिकेची मागची बाजू

आमच्या घरात लग्नपत्रिका टाकून देता येत नसे. तिच्यावर गणपती असतो, आणि गणपती केरात कसा टाकायचा, हा आईचा सवाल होता. नदीत सोडावी तर लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, तेव्हा नदीलाच पाणी नसायचं. त्यामुळे अर्ध्या वऱ्हाडातल्या लग्नांचे गणपती आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात मुक्कामाला असत. मोर्शीचे, नांदगाव खंडेश्वरचे, अकोल्याचे, सोनेरी, लाल, मखमली. त्यातली काही लग्नं मोडली, काही जोडप्यांना नातवंडं झाली, गणपती मात्र डब्यात होते तसेच होते. अकरावीत नापास होऊन मी घरी बसले तेव्हा आईनं तो डबा मला खाली काढून दिला आणि काही तरी कर म्हणाली. कापून चिकटवलेला गणपती टाकल्यात जमा होत नाही, असा तिनं स्वतःच निकाल देऊन टाकला होता. अशी मी कागदकामाला लागले.

आमच्या भिंतीला भिंत लागून शबानाचं घर होतं. तिच्या अब्बांचं बाइंडिंगचं काम घरातच चालायचं आणि दुपारभर तिकडून सरस उकळल्याचा वास यायचा. त्या वासानं आमच्याकडे आलेले पाहुणे जेवताना थांबायचे, आम्हाला मात्र त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. शबाना माझ्याहून थोडी मोठी, बोलायला फटकळ, हाताला सफाई मोठी. तिनं मला चिठ्ठ्यांचं पॅड करायला शिकवलं. सारखे कापलेले कागद ठोकून एका ओळीत आणायचे, वर पाटा ठेवून दाबायचे, डोक्याच्या कडेला, म्हणजे पान जिथून फाडायचं तिथं, सरसाचे दोन हात द्यायचे, सुकलं की वरून कापडाची पट्टी. मग पान ओढलं की अलगद सुटून येतं. खालचा पुठ्ठा आणि वरचं झाकण सजवणं हे माझं खातं. घोटीव कागद, क्रेप कागदाची फुलं, लग्नाच्या साडीची उरलेली लेस, टिकल्या, आणि चमकी. चमकीवर माझा फार जीव होता. परवा माझ्या नातीनं असलंच सामान घरपोच मागवलं. फुलं कापलेली, पानं कापलेली, मागचा कागद सोलला की चिकटतात. तिनं अर्ध्या तासात वही सजवली आणि हात सुद्धा धुवावे लागले नाहीत. मला ते काही पटलं नाही. कागदकाम केलं आणि भाकरीत चमकी सापडली नाही, तर केलं कशाला?

त्याच उन्हाळ्यात पुष्पाताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. ही पुष्पाताई नावाला आमची. माझ्या जन्माच्या वेळी आई आजारी पडली म्हणून तिला महिनाभरासाठी अकोल्याला मोठ्या बाबांकडे ठेवली होती. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको ती मोठी आई. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो महिना संपला तेव्हा पुष्पाताई बारावी पास झालेली होती. तिला अमरावतीला परत आणलं ते लग्नाच्या बोलणीसाठीच, आणि पहिले काही दिवस ती आमच्या घरात पाहुण्यासारखी विचारून पाणी प्यायची.

बाबा सिंचन खात्यात कारकून होते. खर्चाची गोष्ट निघाली की ते डोळे मिटून घेत आणि उघडले की उत्तर नाही असंच असे. पत्रिका एकाच बाजूनं छापायची, हे त्यांनी असंच डोळे मिटून ठरवलं. मागची बाजू कोण वाचते, असं त्यांचं म्हणणं. पण आमच्याकडे पत्रिका म्हणजे नवरा-नवरीचं कमी आणि नातेवाइकांचं जास्त काम. विनीत कोण, स्वागतोत्सुक कोण, खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं कोणती, सगळं एका बाजूत बसवायचं. छापखान्यातून निरोप आला की सगळं बसलं, पण एक नाव जास्त होतं. एक काढा, नाही तर मागून छापा.

मग आमच्या ओसरीवर बैठक बसली. मोर्शीच्या भाऊजींचं नाव काढावं तर ते मांडवात येऊन भांडतील. आईचे चुलतमामा वारले होते, पण त्यांचं नाव काढलं असतं तर मुलांनी आमचं तोंड पाहिलं नसतं. त्या पोरांतला पिंट्या पाळण्यात होता, पण पिंट्याची आई पाळण्यात नव्हती. एकेका नावावर बाबांची पेन्सिल थांबायची आणि तो माणूस किती रागावेल याचा विचार करून पुढे सरकायची. शेवटी ती मोठ्या आईच्या नावावर थांबली आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. बाबा म्हणाले, वहिनी घरचीच हाये, ते कायले रागावते. आईनं सुद्धा मान हलवली. जो रागावणार तो राहिला आणि जी रागावणार नव्हती ती कापली गेली. आमच्या माणसांचा हिशेब असाच असतो, जवळच्याला धरून ठेवायची त्यांना गरजच वाटत नाही. मी हे आता शहाणपणानं लिहितेय, तेव्हा मी सुद्धा तिथंच बसले होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पत्रिका अकोल्याला पोचली आणि मोठ्या बाबांचा फोन आला. ते विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरीला होते आणि रोपांशी बोलून बोलून माणसांशीही तसंच, सावकाश आणि एकदाच बोलत. बाबांनी फोन कानापासून लांब धरला होता म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"पत्रिकेत माहं नाव हाये, म्हणून मले यावं लागते," ते म्हणाले. "हिचं नाव नाही, म्हणून हिले येता येत नाही. आन् हिले सोडून मी कुठी जात नाही. म्हणून मी येत नाही."

बाबांनी त्यांना समजावलं, नावात काय आहे म्हणाले, तर मोठ्या बाबांनी विचारलं की मग पिंट्याचं कायले टाकलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, परत छापणं शक्य नव्हतं, आणि चुकलो म्हणणं बाबांना त्याहून अशक्य होतं. मोठ्या आईचा रोज संध्याकाळी पुष्पाताईला येणारा फोन बंद झाला. पुष्पाताईनं दोन दिवस वाट पाहिली, मग ताट बाजूला सरकवलं आणि आईला सांगितलं, "मोठी आई नाही आली तं मी बोहल्यावर चढत नाही. तुमी बेबीले उभी करा."

बेबी म्हणजे मी. ती गंमत करत नव्हती. घरातले सगळे एकदम माझ्याकडे पाहायला लागले आणि आईच्या नजरेत मला विचार चाललेला दिसला. नवरा मुलगा बँकेत होता, दिसायला बरा होता, पण मला लग्न नको होतं, मला चमकी हवी होती.

मग मला सुचलं ते पॅड. मोठी आई गल्लीतल्या बायकांची ब्लाऊजं शिवायची. मापं लिहायला तिच्याकडे कधी धड कागद नसायचा. फाटक्या पाकिटावर, कॅलेंडरच्या चिठोऱ्यावर लिहून ती चिठ्ठी कापडाला टाचून ठेवायची, आणि पंख्याच्या वाऱ्यानं एकीची छाती दुसरीच्या कापडाला जाऊन लागायची. तिला चिठ्ठ्यांचं सुंदर पॅड नेऊन द्यायचं, ती खूश होईल, मी विषय काढेन, ती येईल. बेत चोख होता. कागद जाड हवा, टाचणीनं फाटणार नाही असा. आणि आमच्या घरात तेव्हा जाड गुलाबी कागदाचा ढीगच पडलेला होता. उरलेल्या पत्रिका. छापखान्यानं भरपूर जास्तीच्या दिल्या होत्या. त्यांनी ताकाचं भांडं झाकलं जायचं, पलंगाचा डुगडुगणारा पाय टेकवला जायचा, आईनं लोणच्याच्या फळीवर त्याच अंथरल्या होत्या. इतके दिवस पाहून पाहून त्यावर काही छापलंय हेच आम्हाला दिसेनासं झालं होतं. मागची बाजू कोरी करकरीत. मी गठ्ठा उचलला आणि शबानाकडे गेले. तिनं एकदा उलटसुलट पाहून सांगितलं, "बेबी, इसके पीछे तो शादी है." मी म्हटलं, पीछे कौन देखता है. ती पाटा आणायला उठली.

पॅड झालं मात्र देखणं. झाकणावर डब्यातले निवडक गणपती गोल बसवले होते, मधे क्रेपचा गुलाब, कडेनं लेस, आणि उरलेल्या जागेत जागा उरणार नाही इतकी चमकी. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक टिकली. मोठ्या आईकडे दोन दिवस राहून येते असं सांगून मी एसटीनं अकोल्याला निघाले. बडनेऱ्यापासून शेजारी एक धोतरवाले आजोबा बसले होते. मूर्तिजापूरला ते उतरले तेव्हा त्यांच्या एका बाजूला पूर्ण चमकी लागलेली होती आणि ते काही न कळता उन्हात लखलखत निघून गेले.

मोठ्या आईच्या घरी गेलं की आधी मशीनची खडखड, मग फोडणीचा वास, मग ती. तिनं कढीगोळे केले होते. मी जेवत असताना तिनं पुष्पाबद्दल एवढंच विचारलं की ती जेवते काय. मी खरं सांगितलं. तिनं मला आणखी एक गोळा वाढला. मग मी पॅड काढलं. तिचा चेहरा फुलला. आजवर आपल्याला कोणी काही स्वतःच्या हातानं करून दिलं नाही, सगळे आपल्याकडूनच शिवून नेतात, असं ती म्हणाली, आणि पॅड तिनं छातीशी धरलं, म्हणून त्या दिवशी तिचा पदर सुद्धा चमकला. मोठे बाबा कामावरून आले. त्यांनी ते हातात घेतलं, एक पान ओढून पाहिलं, अलगद सुटलं, मान डोलावली, आणि पान उलटं केलं.

नंतर त्यांनी दुसरं पान ओढलं. मग तिसरं. सगळीकडे तेच होतं. सगळ्या नातेवाइकांची नावं, पाळण्यातला पिंट्या, वारलेले चुलतमामा, आणि मोठी आई कुठंच नाही. मला तेव्हा पहिल्यांदा ते दिसलं. मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "एक डाव नाव गाळलं तं तो विसरला म्हणू. तूनं त्याचं पॅड बांधून आणलं." त्यांच्या मिशीला चमकी लागली होती आणि ते फार दुःखी दिसत होते. मी रडायला लागले. मोठी आई उठली, तिनं पॅड त्यांच्या हातून घेतलं, सुटलेली पानं वर नीट ठेवली आणि म्हणाली, कागद चांगला हाये, पोरीनं मेहनत केली हाये, मी वापरीन. आणि ती मशीनवर जाऊन बसली. मला वाटलं, संपलं सगळं. आता परत जायचं आणि बोहल्यावर उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाया यायला लागल्या. लग्नसराई होती, प्रत्येकीला ब्लाऊज हवं होतं. मोठी आई माप घ्यायची, पॅडवर लिहायची, पान ओढायची आणि कापडाला टाचायची. तयार ब्लाऊज द्यायचं तेव्हा चिठ्ठी तशीच त्याच्यासोबत जायची, पुढच्या वेळी माप शोधायला नको म्हणून. गुलाबी जाड कागद, कोपऱ्यात टिकली. दुपारी पिठाच्या गिरणीवाली बाई आपलं ब्लाऊज हातात घेऊन परत आली. मला वाटलं, बाही कमी पडली. तिनं चिठ्ठी समोर धरली.

"पुष्पीचं लगन हाये आन् तोंडानं सांगतलं बी नाही तूनं," ती म्हणाली. "ब्लाऊजले टाचून आवतन देते काय? पण पत्रिका मस्त हाये. आमी सगळे येतो."

मोठ्या आईचं पायडल थांबलं. खरं म्हणजे सांगायला अगदी सोपं होतं, की बाई हे माप आहे, आमंत्रण नाही. ती तोंड उघडून बसली होती, आणि मी तिच्याकडे पाहत होते. पुष्पी या गल्लीत वाढली होती. गिरणीत दळण घेऊन जायची ती पुष्पीच. मोठी आई शेवटी म्हणाली, "या. सगळे या." संध्याकाळपर्यंत अशा किती तरी आल्या. एक खाला, म्हणजे गल्लीतल्या मुसलमान मावशी, होत्या, त्या चष्मा लावून चिठ्ठी पूर्ण वाचून म्हणाल्या की दावत अमरावतीत आहे तर गाडीचं पण बघायला हवं. एकीनं विचारलं की तुझं नाव दिसत नाही पत्रिकेत. दुसरीनं तिला परस्पर उत्तर दिलं, म्हणाली, अगं, मागं हातानं लिहून तर देऊन राहिली, आणखी नाव कायले पाहिजे?

मोठे बाबा हे सगळं अंगणात उभे राहून ऐकत होते. त्यांचं तत्त्व असं अडचणीत कधी आलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला ते बराच वेळ नुसता भात कालवत बसले. मग भाताकडेच पाहून म्हणाले, "लोकाइले तूनं बोलावलं. म्हणजे तू यजमान झाली. यजमानाले आवतन लागत नाही." मोठी आई म्हणाली, पाहू. मी अमरावतीला परतले ते एवढंच घेऊन. पुष्पाताईला सांगितलं, पाहू म्हणाली. पुष्पाताईनं त्या 'पाहू'वर हळद लावून घेतली, पण मंगलाष्टकांपर्यंत बेबीला दूर जाऊ देऊ नका, असं आईला बजावलं.

लग्नाच्या दिवशी मला आईनं उगाचच जरीचा परकर नेसवला होता. नवरदेव आला, बँड वाजला, मुहूर्त जवळ आला, आणि पुष्पाताई आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून बसली होती. बाबा मांडवाच्या दाराशी हात जोडून उभे होते. तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली. तिच्यातून बाया उतरायला लागल्या आणि उतरतच राहिल्या. आचारी पळत बाहेर आला, बुंदीसाठी माणसं मोजायला की काय, आणि पाहून तसाच आत पळाला. बाबांना वाटलं, दुसऱ्या मांडवाची वरात चुकली. तोवर गिरणीवालीनं पुढे होऊन आपली पत्रिका त्यांच्या हातात दिली, टिकलीसकट. बाबांनी ती नेमकी लिहिलेल्या बाजूनं वाचली. मी शेजारीच होते. कंबर सैल. मागचा गळा पानाचा. हुक पुढं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घाईनं पान उलटं केलं, तर स्वतःच छापलेली पत्रिका. तोवर मागच्या बाईनं आपली दिली, मग खालांनी. बाबांच्या हातात मापांचा गठ्ठा जमला आणि प्रत्येक मापावर मोठ्या आईचं अक्षर होतं. ते वरपासून खालपर्यंत ती पत्रिका वाचत राहिले. मला वाटतं, छापल्यापासून त्यांनी ती त्या दिवशी पहिल्यांदाच वाचली.

हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात. गणपती हलतो, सनई वाजते, नावं वरून खाली सरकत जातात. माझं नाव त्यात असतं की नाही हे मी पाहत नाही असं म्हणते, पण पाहते. त्या पत्रिकेला मागची बाजू नसते. कोणी कोणाला गाळलं तर तसंच राहतं.

मोठी आई गाडीतून सगळ्यांत शेवटी उतरली. बाबा तिच्याकडे वळले, पण ती त्यांच्या बाजूनं सरळ आत गेली. रागानं नव्हे. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून तिला पुष्पाताईचं ब्लाऊज दिसलं होतं. ते आमच्या अमरावतीच्या शिंप्यानं शिवलेलं, आणि इतके दिवस धड न जेवल्यानं ताईच्या अंगावर नुसतं लोंबत होतं. पुष्पाताईनं तिला पाहिलं आणि हुंदका दिला. मोठी आई म्हणाली, रडू नको, हलशीन तं टाका चुकते. पर्समधून सुई-दोरा निघाला, आणि भर मुहूर्तावर ती नवरीचं ब्लाऊज बगलेतून आत घ्यायला बसली. बाहेर भटजींनी नवरीला आणा म्हणून दोनदा हाक दिली. मोठे बाबा दाराशी उभे राहून सांगत होते की यजमानाचं काम चालू आहे.

आणि तेव्हा लाउडस्पीकरवर बाबांचा आवाज आला. त्या माणसानं जन्मात कधी माइक धरला नव्हता. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग खाकरणं. मग ते म्हणाले, "पत्रिकेत एक नाव राह्यलं होतं. पह्यलंच." आणि त्यांनी मोठ्या आईचं नाव घेतलं, पूर्ण, सौभाग्यवतीपासून आडनावापर्यंत, आणि आणखी काही सुचेना म्हणून तेच पुन्हा घेतलं. अकोल्याच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मोर्शीच्या भाऊजींना कशाबद्दल ते कळलं नाही, तरी त्यांनीही वाजवल्या. मी मोठ्या आईच्या मागोमाग आतल्या खोलीत आले होते, आणि मला फार बरं वाटलं.

मोठ्या आईनं दाताखाली दोरा तोडला.

"काय म्हणून राह्यला तो?" तिनं विचारलं.

"तुहं नाव घेतलं," पुष्पाताई म्हणाली.

"माहं नाव मले माहीत हाये," मोठी आई म्हणाली. "तू हात वर कर."